गाडीचे नवे पंखे

आई,

तू झोपली होतीस, म्हणून लिहून ठेवते. बाबांनी हयातभर जपलेला गाडीचा जुना पंखा मी काल तुला न विचारता बदलला. चुकलंच. टर्बो इंजिन फार तापतं, म्हणून विजेचे पंखे बसवून घेतले. किल्ली काढली तरी ते दोन-तीन मिनिटं फिरत राहतात. तो बिघाड नाही.

बाबा होते तेव्हा घरी आल्यावर इंजिन निवेपर्यंत ते चालू ठेवून गाडीतच बसून राहायचे. काल पंख्यांचा आवाज ऐकून तू खिडकीतून ओरडलीस, "अहो, निवलं असेल इंजिन, उतरा आता. जेवण गार होतंय." मी तर केव्हाच घरात आले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, गाडीत कोण बसलंय. मी म्हटलं, नवे पंखे.

मेकॅनिक म्हणतो, किल्लीबरोबरच बंद होतील असं करून देतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला विचारशील तर फिरू देत.