खुर्ची, बसलेल्या माणसासकट

कोळगाव, पालघर

चि. सौ. शालूस बळवंतदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या घरच्यांचा खोकला गेला का? माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त ती कोणी विचारत नाही.

विशेष म्हणजे नाक्यावरचा ‘सस्ता मेळा’ बंद झाला. हा मेळा आला तेव्हा ललितशेठचं किराणा दुकान बंद पडलं (शेठ मुलाकडे वापीला गेले). आता मेळ्याची कंपनीच डबघाईला आली म्हणे. मिठाच्या पुडीसाठीही रिक्षा करून स्टेशन गाठावं लागतं. पण मिठाचं मला काय! (एकावर एक फुकट घेऊन घेऊन पुढच्या दिवाळीपर्यंतची सोय आहे.) खरी अडचण खुर्चीची. तुझी वहिनी गेल्यापासून मी रोज सकाळी साबणवडीचं निमित्त काढून तिथे जायचो आणि काउंटरजवळच्या खुर्चीवर जेवणवेळेपर्यंत बसायचो. काउंटरवरची स्नेहा “काका, आज भाजी काय?” एवढं विचारायची. दिवसभरात मला तेवढंच कोणी विचारायचं. (म्हणून कधीकधी न केलेली भाजीही सांगायचो.)

शेवटच्या दिवशी मांडण्या, पंखे, सगळंच विकायला काढलं. मी आपला बसलेला. नवापूरचा जिव्या मासळीवाला आला, माझ्याभोवती फिरला, मागचा पाय हलवून पाहिला (खुर्चीचा) आणि पैसे भरून आला. “काका, उठा. खुर्ची आमी घेतली हाय. बायको जमुना बाजारात मासळी घेऊन पाटावर बसते, कंबर धरते तिची.” स्नेहानं नेमका तेव्हाच माझ्या हातात चहा दिला. “पिऊन उठा, घाई नाय,” म्हणून जिव्या उभा राहिला. इतका सावकाश चहा मी जन्मात प्यालो नव्हतो. खुर्च्या जोडीनेच विकायच्या होत्या, म्हणून दुसरी तो माझ्या ओटीवर ठेवून गेला. स्नेहा आता बोईसरला कारखान्यात पॅकिंगला लागणार आहे.

एकंदरीत मजेत आहे. काळजी करू नकोस, आणि एवढ्या लांब येण्याचा त्रास तर मुळीच घेऊ नकोस.

तुझा,
बळवंतदादा

ता. क. – एकावर एक मिळालेला दुसरा टूथब्रश पाकिटातच आहे. गुलाबी आहे.

पुन्हा ता. क. – ओटीवरच्या खुर्चीत मी अजून बसलेलो नाही, पायरीवरच बसतो. एकट्यानं खुर्चीत बसून कोणाकडे बघायचं? तू आलीस की खुर्चीत तू बस आणि भाजी काय केली ते विचार. त्या दिवशी खरंच केलेली असेल.