हनुवटी आणि भिंत

६ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

गेल्या आठवड्यात दाढी करताना हनुवटी कापली आणि मला पत्ताच नाही. बायकोनं रक्त पाहून सांगितलं. शिकवणीत बासरी लावली, तर ती ओठाखाली टेकलीय की नाही तेच कळेना. सूर फाटला. मुली हसल्या, मीही हसलो.

हनुवटी बधिर म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दात ठोकून पाहिले. वर्षापूर्वी ल्युकेमिया होऊन बरा झाला म्हटल्यावर त्यांनी मला तडक आमच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. कण्यातलं पाणी तपासलं. रक्त स्वच्छ आहे, पण त्या पाण्यात रोगाच्या पेशी निघाल्या. मेंदूभोवती खेळणारं पाणी तेच. त्या पेशींनीच हनुवटीची नस बधिर केली. आता सुईनं औषध थेट तिथेच सोडतात. नंतर मी उताणा पडून छत पाहतो.

काळजी करशीलच, पण बेतानं कर.
तुझा,
फुंकऱ्या

१४ जून

चि. फुंकऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग नेहमीसारखे प्रश्न पडायला लागले. जलशुद्धीकरण केंद्रात इतकी वर्षं काढली. पाणी कुठून शिरतं ते विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिरेतून दिलेलं औषध अंगभर फिरलं, मग तिथे का पोचलं नाही? तिथे भिंत असेल, तर या पेशी कशा गेल्या? बाईंना विचार. लाजू नकोस.

जेवत जा. माझ्यावरचा राग बायकोवर काढू नकोस.
तुझी,
ताई

२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

विचारलं. बाई खुर्ची ओढून बसल्याच. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. बरीच औषधं त्यातून झिरपत नाहीत. रोगाच्या पेशी मात्र सरपटतात. उंदरांत असं दिसलं, की कवटीच्या आणि मणक्यांच्या हाडांत रक्त तयार करणारी जी मज्जा असते, तिच्यातून निघणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या बाहेरून या पेशी मेंदूभोवतीच्या आवरणात उतरतात. माणसातलं अजून पुरतं उलगडलेलं नाही, असं त्या मोकळेपणानं म्हणाल्या. हा प्रश्न कुणाचा, असंही विचारलं.

पाणी आता लागोपाठ दोनदा स्वच्छ आलं. हनुवटी बधिरच आहे. ती तशीच राहील कदाचित. आरशात बघून बासरी लावायला शिकतोय. पण रोग परत येऊ नये म्हणून दुसऱ्याची मज्जा घालावी लागेल. तुझी जुळते का, ते रक्त तपासून बघशील का? हे लिहायला मला तीन कागद लागले.
तुझाच,
फुंकऱ्या

२० जुलै

चि. फुंकऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

जुळलं. मंगळवारी निघते.

बाईंना फोनवर विचारलं, की माझ्या पेशी ती भिंत ओलांडून तुझ्यावर पहारा देतील का. काही देतील, पुरेशा देतील की नाही ते सांगता येत नाही, म्हणाल्या. मला तेवढं पुरे. न बोलावता सगळीकडे घुसते म्हणून तू मला जन्मभर बोल लावलेस. आता घुसू दे.
येतेच,
ताई