शेऱ्याचा रकाना

सोमवार, २ ऑक्टोबर. सकाळी ६.१०
थंडी. गुडघा ठीक. म्हणजे आहे तिथे आहे.

शुक्रवारी संध्याकाळी कॉनी येणार! जावई ब्रेंट आणि नात हॅटीसकट, तीन रात्री. बायको, रूथ, गेल्यापासून लेक पहिल्यांदाच राहायला येते आहे. गेल्या ऑक्टोबरात निघाले होते, पण शरदातली लाल-पिवळी पानं बघायला शहरातून आलेल्या मंडळींनी रस्ता असा तुंबवला की पुलावर दोन तास गाडी हलेना. हॅटीला उलट्या झाल्या, ब्रेंटने गाडी वळवली. मी इथे पातेलंभर स्ट्यू ढवळत बसलो होतो. तो स्ट्यू ख्रिसमसपर्यंत पुरला.

या वर्षी ते होणे नाही. माझ्याकडे प्लॅन आहे.

निश्चय: कॉनीला सारखे फोन करायचे नाहीत, म्हातारा मागे लागलाय असं वाटतं. शिडीवर चढायचं नाही. साखर बंद.

मंगळवार, ३ ऑक्टोबर
प्लॅन अमलात आणला. आपल्या गावच्या पानांचा रिपोर्ट दर मंगळवारी वनखात्याला मी पाठवतो. बावीस सीझन, बिनपगारी. रंग किती टक्के ते भरायचं आणि खाली शेऱ्याचा रकाना. वेबसाइटवर जसाच्या तसा, माझ्या नावानिशी झळकतो. लोक तो वाचूनच गाड्या काढतात.

खरी स्थिती: पंच्याऐंशी टक्के. अंगणातला मेपल, जो कॉनीच्या जन्माच्या वर्षी लावला, तो शनिवारी असा लालभडक पेटणार आहे की बघत राहावं.

पाठवलेली स्थिती: उतरती कळा. शेरा: ‘वाऱ्याने सगळं गेलं. इथे आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. एवढ्या लांब येण्याचे कष्ट उगाच कोणी घेऊ नयेत.’

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. दोनदा मोठ्याने वाचलं.

बुधवार, ४ ऑक्टोबर
लेखणीची ताकद! रस्त्यावर कुत्रं नाही. दुकानवाली व्हर्ना मात्र चवताळली आहे. वॉलेस, डोक्यावर पडलायस का, म्हणाली. तिचे दोनशे भोपळे दारात पडून आहेत, शेजारच्या खाणावळीची चार बुकिंगं रद्द झाली. तुझ्या पोरीसाठी सगळ्या गावाच्या पोटावर पाय, असंही म्हणाली. मी म्हणालो, निरीक्षणात उन्नीस-बीस होतंच. ती म्हणाली, मग हे भोपळे तूच खा. एक घेतला. दोन घ्यायला लावले.

कॉनीला फोन करावासा वाटला. पण बुधवारी हॅटीचं पोहणं असतं. केला नाही. निश्चय पाळला.

गुरुवार, ५ ऑक्टोबर
रूथच्या हस्ताक्षरातल्या कार्डावरून ॲपल पाय भाजला, सफरचंदं भरलेला. पहिला जळला. दुसरा मधे खचला, पण चव तीच असावी. खात्री करायला अर्धा खाल्ला (साखर उद्यापासून बंद). मग तिसरा केला.

माळ्यावरून हॅटीसाठी गादी काढली. त्यासाठी शिडी लागली. ती चढणं धरायचं नाही.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
दुपारी ४. मेपलखाली पाच खुर्च्या मांडल्या. एक जास्त झाली. राहू दे.

५.३०. रस्ता मोकळा. माझीच कृपा.

६.४५. हार्टफर्डच्या घरून निघायला उशीर झाला असेल. ब्रेंट गाडी बैलगाडीसारखी चालवतो.

७.२०. कॉनीचा फोन. घरूनच. येत नाहीयेत. सकाळी सरळ ब्रेंटच्या आईकडे, समुद्रावर जाणार. मी म्हणालो, का? ती म्हणाली, बाबा, तुम्हीच लिहिलंत ना, येण्याचे कष्ट घेऊ नयेत म्हणून. तेवढं कळतं आम्हाला.

ते बाहेरच्यांसाठी होतं, एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, हो, पानं गेलीच आहेत. म्हणालो, तुम्हाला सोयीचं असेल ते करा, मलाही इथे ढीगभर कामं आहेत. सांभाळून जा म्हणालो.

असं का बोललो, देव जाणे. कसलीही कामं नाहीत.

शनिवार, ७ ऑक्टोबर. सकाळी ५.५०
रात्रभर विचार केला. उपाय सोपा आहे. दुरुस्ती पाठवली: ‘आधीचा अंदाज चुकला. शंभर टक्के. आजच या.’ कॉनी चहा पिताना वाचेल, गाडी इकडे वळवेल. दुपारपर्यंत येतील. ॲपल पाय गरम करायला ठेवला.

दुपारी १. वाचलं. सगळ्यांनी वाचलं. दोन बस, अंगणात नऊ गाड्या, एक माझ्या वाफ्यात. मेपल खरोखर पेटला आहे. एक आजोबा नातवंडांना घेऊन झाडाखाली बसले, माझ्याच खुर्च्यांवर, आणि माझ्या हातात फोन देऊन म्हणाले, जरा आमचा फोटो काढता का? काढला. तीन काढले. पहिल्या दोनात माझाच अंगठा आला.

४.३०. ॲपल पाय संपला. कोणी खाल्ला माहीत नाही. व्हर्नाचे भोपळे संपले. ती येऊन म्हणाली, आली का रे पोरगी? मी म्हणालो, पुलावर अडकली असेल. व्हर्ना उष्ट्या बशा गोळा करून धुवायला घेऊन गेली. ती चांगली वागली की मला भीती वाटते.

रविवार, ८ ऑक्टोबर
हॅटीचा फोन, आईच्या मोबाइलवरून, आई पाण्यात असताना. आजोबा, तुम्ही आमच्यावर रागावलात का? मी म्हणालो, छे गं! मग ती म्हणाली, आई दर मंगळवारी तुमचा रिपोर्ट वाचते. टक्के नाही वाचत, खालचं वाचते. फोनवर तुम्ही नुसतं बरंय बरंय म्हणता, म्हणून खालच्या ओळीवरून बघते आजोबा कसे आहेत. गेल्या वर्षीची एक ओळ फ्रिजवर चिकटवली आहे, ‘मेपलखाली खुर्ची टाकली आहे’ ही. आणि या मंगळवारी वाचलं तेव्हा आई स्वयंपाकघरात रडली, सांगू नका हं.

या म्हणायचं होतं. आत्ता, पानं असोत नसोत, या. तोंडातून निघालं, दात घासतेस ना नीट?

घासते म्हणाली.

मंगळवार, १७ ऑक्टोबर
आठवडाभर पाऊस. मेपल उघडा. पानं सगळी वाफ्यात, टायरच्या खुणांवर.

मंगळवार म्हणजे रिपोर्ट. बावीस वर्षांत एवढा वेळ लागला नव्हता. चार वेळा खोडलं. शेवटी: रंग शून्य टक्के. शेरा: ‘झाडावर एक पान नाही. बघण्यासारखं फक्त मी आहे. मला एकट्याला करमत नाही. या.’

पाठवलं.

संध्याकाळी ६. खात्याचं छापील उत्तर आलं. यंदाचा सीझन रविवारी संपला. यापुढचे रिपोर्ट वेबसाइटवर दिसणार नाहीत. सहकार्याबद्दल आभार, सप्टेंबरात भेटू.

म्हणजे तिला दिसणार नाही.

ठीक आहे. फोन आहेच. नंबर पाठ आहे. त्याच चार ओळी, वाचूनसुद्धा दाखवता येतील. कागदावर उतरवून फोनपाशी ठेवल्या. रिसीव्हर उचललाही होता.

पण आज हॅटीचं पोहणं असेल, घरी कोणी नसणार. उद्या नक्की करतो.

६.४०. पोहणं बुधवारी असतं. मला पक्कं माहीत आहे.