सातवं वाक्य

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

दोन महिने पत्र नाही, माफ कर. ‘काम होतं’ असं लिहिणार होते. काम काय, नेहमीच असतं.

इकडे ठीक. आईचे गुडघे तसेच, हट्टही तसाच. तुझ्या मेंदूच्या फोटोची प्रत तिनं फ्रिजवर लावलीय. येईल त्याला दाखवते, “हा ठिपका दिसतो ना, तिथंच चुंबक लावतात, कानातले आवाज कमी व्हावेत म्हणून. प्रत्येकाची जागा वेगळी. आमच्याची बघा कशी नेमकी सापडली!” जणू तुझा पहिला नंबर आलाय.

परवा हॉस्पिटलातून फोनवर तू म्हणालास, “ताई, डोक्यावर सुतारपक्षी बसवतात गं. वीस मिनिटं टकटक!” मी हसले. मग म्हणालास, “कानातले आवाज कमी झालेत. तुझा मात्र अजून येतो.” मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच.

उपचारांआधी डॉक्टरांनी मला एक कागद दिला होता. तुला ऐकू येणारी अकरा वाक्यं, तूच सांगितलेली. “घरात खरंच कुणी बोललेलं असेल, त्यापुढे खूण करा. आठवण चुंबकानं जात नाही, तिच्याबद्दल त्याच्याशी बोलावं लागेल.” मी एकही खूण न करता सही केली.

सातवं वाक्य होतं, ‘हा नसता तर आपण सुखात असतो.’

ते मी म्हटलं होतं. सहा वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरात, आईला. तू रिकामा ग्लास घेऊन दारात उभा होतास. “ताई, तू असं म्हणालीस?” मी म्हणाले, “नाही रे, भास झाला तुला.” आई भांडी घासत राहिली.

आज त्या दिवशीची डायरी काढली. ‘धाकट्याला नवा भास’, एवढंच लिहिलंय. तिथंही खोटं, जिथं वाचणारी मी एकटीच.

आजार माझ्यामुळे झाला असं म्हणणार नाही. तेही स्वतःला महत्त्व देणंच. पण दहा वाक्यं आजाराची, हे एक माझं. त्या क्षणी तुझे कान ठीक होते.

हे वाचून तुला त्रास होईल का, ठाऊक नाही. म्हणून पत्र डॉक्टरांच्या हाती देतेय. केव्हा द्यायचं ते ठरवतील. यातही मी लपतेय का? असेन थोडी.

जिचं तू बरोबर ऐकलं होतंस, ती
तुझी ताई

(आजची डायरी) उद्या: दहा वाजता डॉक्टरांकडे जाऊन सातव्या वाक्यापुढे खूण करणे.