अक्कांच्या टबातले पाणभुंगे

सोमवार, संध्याकाळ. महादेवपुरा.

अक्कांना खरं सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

पुण्याहून आणलेला गणपती मी सोसायटीत शाडूचा म्हणून मिरवला. होता प्लास्टरचा. हौदात विरघळला नाही तर सगळ्यांना कळेल, म्हणून विसर्जनाला खालच्या हौदात नेलाच नाही. पुण्यात करतो तसा घरीच बादलीत अमोनियम बायकार्बोनेटची पावडर घालून विरघळवला. आज सकाळी ते पाणी उरलं. गणपतीचं पाणी मोरीत कसं ओतायचं? झाडांना खत म्हणून चालतं, एवढं ऐकलेलं. गच्चीवर शेजारच्या अक्कांचा कमळाचा टब होता. त्यात ओतलं आणि वर हातही जोडले.

त्या टबात पाणभुंगे राहतात हे मला माहीत होतं! अक्कांनीच कौतुकानं दाखवले होते. बुडी मारताना पंखांखाली हवा घेऊन जातात, शेपटाशी बुडबुडा चमकतो. तेव्हा मी फोटोसुद्धा काढला होता. आज ओतताना आठवलं नाही, की आठवून घेतलं नाही?

संध्याकाळी सगळे उलटे तरंगत होते. एकाच्या शेपटाशी तो बुडबुडा अजून तसाच होता.

अक्का टबाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "माळ्यानं डासांचं औषध टाकलं असणार. उद्या विचारते त्याला."

मी म्हटलं, "असेल."

असेल! असं कसं निघालं तोंडातून?

अक्कांनी डोळे पुसले. "सगळ्यांना कुठं कळतं गं? तू बघ, पाण्यातल्या जिवांचा विचार करून शाडूचा गणपती आणलास."

मी बुडबुड्याकडे बघत मान डोलावली.