मॅथसाहेबांना थेट हाक

विटा,
१० फेब्रुवारी १९९९

आदरणीय महेंद्रमामांना राजरत्नचा सविनय जयभीम.

गुडघा आता जिना चढू देतो का? मामींना नमस्कार सांगा. इकडं सगळे मजेत आहोत असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. खरं तर सोमवारी एक बातमी कळली आणि सगळं बिघडलं. सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासात आम्हाला शिकवणाऱ्या दीपमाला मॅडमना येत्या रविवारी पुण्याचा मुलगा पाहायला येणार आहे.

काय शिकवतात हो मामा! (वय माझ्याएवढंच, पण खडू हातात घेतला की आम्ही सगळे बालवाडीत.) जावा नावाची कॉम्प्युटरची भाषा आहे. तिच्यात प्रोग्रामच्या डोक्यावर इम्पोर्टची ओळ लिहायची असते. मला वाटलं, इम्पोर्ट म्हणजे परदेशातून माल मागवणं. उगाच ओझं कशाला, म्हणून मी ती ओळच गाळली. मशीननं अकरा चुका तोंडावर मारल्या. मॅडम म्हणाल्या, मागवायचं काही नसतं, नुसता पत्ता सांगायचा. आकाराम नावाची दोन माणसं असतील, एक विट्याचा, एक खंडाळ्याचा, तर वर एकदा सांगून टाका की आकाराम म्हणजे विट्याचा; मग खाली नुसतं आकाराम म्हटलं तरी भागतं. बारा वर्षं शाळेत गेली माझी, इतकं सोपं करून कुणी काही सांगितलं नव्हतं.

पुढं स्टॅटिक आलं आणि माझी अब्रू गेली. जावात मॅथ नावाचा एक क्लास आहे (शिकवणीचा नव्हे, जावात साच्याला क्लास म्हणतात), त्याला दोन आकडे दिले की मोठा कुठला ते सांगतो. आता एवढ्या असामीला थेट कामाला कसं लावायचं? आपल्याकडं आमदाराला भेटायचं तर आधी त्याचा माणूस गाठावा लागतो. म्हणून मी आदरानं आधी मॅथचा एक माणूस तयार करायला घेतला. मशीननं साफ नकार दिला. मॅडम हसल्या (लय गोड हसतात) आणि म्हणाल्या, स्टॅटिक असलं की क्लासच्या नावानंच हाक मारायची, मध्ये कुणी लागत नाही. मग काय, मी चेकाळलोच. विद्यार्थ्याचाही असाच एक क्लास होता, त्यातून एकही विद्यार्थी न बनवताच मी मार्क थेट क्लासकडं मागितले. मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो, मार्क कुणाचे? आधी कुणीतरी विद्यार्थी हवा की!” सगळे हसले. मीही हसलो, कारण त्या माझ्याकडं बघत होत्या.

तब्येतीला जपा.

तुमचा भाचा,
राजरत्न

ता. क. मॅडमचे बाबा आणि तुम्ही साताऱ्याच्या वसतिगृहात एका खोलीत होता म्हणे. रविवारच्या आत सांगलीला जाऊन माझ्यासाठी शब्द टाका. मी बोलायला गेलो तर बोबडी वळेल.

आणखी ता. क. (शुक्रवार) पत्र खिशातच राहिलं. आज क्लास सुटल्यावर मी मॅडमनाच लग्नाचं विचारून टाकलं. त्यांनी डस्टर टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, आजवर चार स्थळं आली, सगळ्यांनी बाबांना विचारलं. मला विचारणारे तुम्ही पहिलेच. आणि मामा, त्या हो म्हणाल्या! आता टपालाचा भरवसा नाही, म्हणून उद्या पहिल्या गाडीनं हे पत्र घेऊन मीच फलटणला येतोय. वाचून होईपर्यंत मी दारातच उभा राहीन, तुम्ही तेवढी सांगलीला निघायची पिशवी भरा. त्यांच्या बाबांना विचारायची छाती मला अजून नाही.