भिंतीचा उजवा कोपरा

बाबा, गेल्या आठवड्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून तुम्ही गेल्यावर एकवीस वर्षांनी लिहायला बसले आहे. धर्म आणि राजकारण यांवरचं माझं पुस्तक छापायला निघालंय. प्रकाशकांनी मुखपृष्ठासाठी समई आणि खुर्ची असं चित्र पाठवलं, मी नाक मुरडलं. मला बोलकं काहीतरी हवं होतं. ते इथेच, पांढरकवड्यात, एका जुन्या फोटोग्राफरच्या पेटीत सापडलं. बाजारातली भिंत. वर देवाचं चित्र, खाली निवडणुकीचं चिन्ह, आणि मध्ये ठसठशीत अक्षरांत, मुसलमानांच्या दुकानातून काही घेऊ नका.

महिनाभर तो फोटो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवला. मग त्या भिंतीची हकीकत विचारायला सायकलवाल्या चाचांकडे गेले, तुमच्या रोजच्या चहाच्या सोबत्याकडे. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटोच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तीन बारीक ठिपके. तुम्ही रंगवलेल्या प्रत्येक पाटीवर असायचे, आपल्या दारावरच्या पाटीवरसुद्धा. इथेही हातानं सवयीनंच काढले असतील. पेंटरची मुलगी मी, आणि मला ते दिसले नव्हते.

“मले पयल्यापासून ठाऊक हाय, पोरी,” चाचा म्हणाले. “रंगवून झाल्यावर हात धुवाले तो माह्याच दुकानात आलता. राकेल म्याच देल्लं त्याले.”

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

“काय बोलू? मान खाली घालून हात घासून राह्यला व्हता. रंग निंगाला, तरी घासूनच राह्यला व्हता.”

मी सात वर्षांची आहे. शेजाऱ्यांच्या भिंतीवर कोळशानं मैत्रिणीला शिवी लिहिली म्हणून तुम्ही माझ्या कानाखाली वाजवता आणि अख्खी भिंत माझ्याकडून घासून घेता. भिंतीवरचं सगळं गाव वाचतं, म्हणता. मग हे कसं लिहिलंत, बाबा? पोटासाठी, की पटलं होतं तुम्हाला? मला तुमचा भयंकर राग येतोय, आणि भांडायला तुम्ही नाही.

काल प्रकाशकांचा फोन आला, मुखपृष्ठ लगेच हवं. अशी वाक्यं रंगवणारे हात कुणाचे ते शोधा, असं मी पुस्तकभर लोकांना बजावलंय. फोटो पाठवला. उजवा कोपरा कापून. आणि आतल्या पानासाठी लिहून दिलं, भिंत कुणी रंगवली ते कळू शकलं नाही.